वाफाळत्या चहातले जंतू

ह्यांनी आजही प्रोबायोटिकची महागडी पुडी वाफाळत्या चहात ओतली. मी कपाळावर हात मारला.

"अहो, त्यातले जंतू जिवंत राहायला हवेत ना?"

"गार घेतलं की माझा घसा धरतो."

वजन उतरावं, सारखी सर्दी होऊ नये, म्हणून रोज सकाळी आमच्याकडे हा अंत्यविधी! तेवढ्यात शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. मी त्यांच्या वाटीत चमचाभर दही घातलं. मागच्या महिन्यात मीच त्यांच्याकडून आणलं होतं. या घरातून त्या घरात जात ते बिचारं जाहिरातीशिवाय जगतंय. ह्यांना मात्र दह्याने कफ होतो म्हणे!

रिकामा कप माझ्या हातात देत हे म्हणाले, "बघ, लगेच पोट हलकं वाटतंय."