हाटडाक

माझा मामा मल्हारी हा राणीसावरगावचा धनगर. जन्मात त्यानं कुणाचं वाकडं केलं नाही, आणि त्याचं बक्षीस म्हणून गाव त्याच्यावर भुंकलं. भुंकलं म्हणजे खरोखर भुंकलं. मामा मेंढरं घेऊन वेशीतून निघाला की पारावर बसलेली मिशा पिकलेली माणसं तोंड फिरवून भू भू करायची आणि वर निर्लज्जासारखी हसायची. हे सगळं झालं ते एका पावापायी.

लढाईच्या दिवसांत एका साली मेंढरांत रोग आला. मामाचा निम्म्याहून जास्त कळप गेला. त्याच सुमाराला परभणी ठेसनावर माणसांची भरती चालू होती, लढायला नाही, हमालीला. मामा गेला. आगगाडीनं त्याला नेऊन टाकलं थेट कलकत्त्याला. तिथं अमेरिकेचे गोरे शिपाई उतरले होते आणि त्यांच्यासाठी त्यांच्या मुलखात असतं तसं खाण्याचं दुकान कुणीतरी थाटलं होतं. दुकानाचं नाव मामाच्या जिभेला कधी वळलं नाही. दारावर कागदी झेंड्यांची माळ असायची, म्हणून तो त्याला झेंड्याचं दुकान म्हणायचा. दुकान मोठं नामांकित. शिपाई उन्हात रांग लावून उभे राहायचे. मामाचं काम मागच्या अंगाला. बर्फाच्या लाद्या वाहायच्या, कांदे चिरायचे, कढया घासायच्या.

लढाई संपली आणि मामा परत आला. बरोबर काय आणलं, तर एक खाकी सदरा आणि अमेरिकन माणूस काय खातो याची माहिती. सदरा लवकर फाटला. माहिती मात्र पारावर रोज निघायची. तेव्हा भुंकणं सुरू झालं नव्हतं, तेव्हा हीच माणसं त्याला चिलीम देऊन जवळ बसवून घेत.

"डबलरोटी म्हंजी बाबा, मानवतच्या जिनातला कापूस," मामा सांगायचा. "चावायचं कामच न्हाई. तोंडात टाकली की इरघळली. तिच्या दोन कापा करायच्या आन् मधी घावंल ते दडपायचं. त्येला सँडविच म्हणत्यात."

"घावंल ते म्हंजी काय?"

"अंडं. कांदा. कच्चा पाला, शेरडानं खावा तसा. एक पिवळी वडी असायची, दुधाची म्हणायचे, पर वास कसा, तर मेंढीचं दूध गाडग्यात इसरून गेल्यावानी. म्या थुकलो ती. शेंगदाण्याचं मातर लय झकास! दाणे लोण्यावानी वाटायचे आन् वर मुरंबा लावायचा. आपुन चटणीत मिरची घालतो, त्येंनी साखर घातली, एवढाच फरक."

"पोट भरायचं का पर?"

"कशानं भरतंय? नुस्ती हवा. आपली ज्वारीची अर्धी भाकर त्या अख्ख्या दुकानाला भारी हाय."

लोक हसायचे. मग मामा गुडघ्यावर हात आपटून शेवटचा माल काढायचा. "पर एक चीज व्हती बरं का. हाटडाक! लांबोळकी डबलरोटी, मधी चीर, आन् चिरंत मटणाची कांडी. वरून पिवळं तिखट. एक गोरा मला खुणेनं बोलवायचा, हातात द्यायचा आन् म्हणायचा, हाटडाक, हाटडाक. खावा गड्या तर ती चीज."

हे नाव कसं पडलं तेही मामानं आपल्या अकलेनं ठरवलं होतं. हाट म्हणजे बाजार, डाक म्हणजे टपाल. बाजारातून डाकेनं येतं म्हणून हाटडाक. ऐकणारांना ते पटलं. मलाही पटलं. न पटायला काय झालं होतं?

मामा परतला त्याच उन्हाळ्यात त्याच्या लेकीचं, बायनाचं, ठरलं. सोनपेठकडचा रायभान नावाचा धनगर होता, कळप मोठा, शब्दाला वजन, पंचांचा म्होरक्या. त्याच्या पोराला बायना दिली. सुपारी फुटली. आता लग्न तेवढं उरलं. मामी, तिचं नाव कासाबाई, ती त्या दिवसांत जमिनीवर पाय ठेवत नव्हती. आणि इथंच बन्सीधर आडवा आला.

बन्सीधर गावचाच. गंगाखेडला एका वकिलाच्या हाताखाली मुन्शी होता. शाळा त्याची उर्दूत झालेली, निजामाच्या राज्यात सगळ्यांचीच व्हायची. इंग्रजीचे वीसेक शब्द त्यानं वकिलाच्या घरी वेचले होते आणि ते तो सणाला काढलेल्या दागिन्यासारखे मिरवायचा. पारावर त्यानं मामाचा हाटडाक ऐकला आणि त्याचा चेहरा फुलला. एखाद्याचं वाटोळं करायची संधी मिळाली की काही माणसं अशी फुलतात.

"हाटडाक न्हवं, मल्हारी. हॉट डॉग," तो म्हणाला. "हॉट म्हंजी गरम. डॉग म्हंजी कुत्ता. गरम कुत्ता. तू कुत्रं खाऊन आलास."

मामा आधी हसला, मग त्याचं हसू तसंच राहिलं.

हे दुसऱ्या जातीत झालं असतं तर किळस आली असती आणि चार दिवसांत विसरली असती. पण आम्ही पडलो धनगर. कुत्रं आमच्या खंडोबाचं. माळेगावच्या जत्रेत देवाच्या आधी कुत्र्याच्या मूर्तीला आम्ही हात जोडतो. रानात भाकरीचं फडकं सोडलं की पहिला तुकडा कुत्र्याला जातो, मग आपल्या तोंडात. त्यात मामाचं नावच मल्हारी, म्हणजे खंडोबाचंच. देवाचं नाव लावून देवाचं कुत्रं खाल्लं, असं झालं. रायभानाकडं ही बातमी पोचायला एक बाजारचा दिवस पुरला.

पंच बसले खंडोबाच्या देवळापुढं. रायभानाचा मला आजही राग आहे, पण त्या दिवशी तो भ्यालेला होता हेही खरं. रोगानं त्याचीही मेंढरं मेली होती आणि देवाचा आणखी कोप त्याला नको होता. त्यानं मार्ग सोपाच काढला. ताटलीत भंडारा, म्हणजे देवाची हळद, मामापुढं ठेवली.

"पाव्हणं, भंडारा उचला आन् म्हणा, म्या कुत्रं खाल्लं न्हाई. झालं. आमी मधी बोलनार न्हाई."

भंडारा उचलून धनगर खोटं बोलत नाही, असं आमच्यात मानतात. मानतात म्हणजे म्हणतात. त्या देवळापुढं भंडारा उचलून मेंढरं दडवलेली, बांध सरकवलेली, भाऊबंदाचा वाटा गिळलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यातली दोन तर पंचांतच बसली होती. मामानं फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

तो ताटलीकडं बघत राहिला. "मला ठावं न्हाई, रायभान," तो म्हणाला. "मटण व्हतं येवढं कळलं. कशाचं, ते म्या इचारलं व्हतं. त्यो गोरा हसला. मला त्येची बोली येत न्हवती. आता ठावं नसताना भंडारा कसा उचलू?"

"आवं, उचला की!" मागून मामी ओरडली.

"ठावं न्हाई गं," मामा म्हणाला.

लग्न थांबलं. मोडलं असंही नाही, व्हायचं असंही नाही. सुपारी फुटलेली पोर दुसऱ्या दारी देता येत नाही. मामाच्या घरचं पाणी जातीत चालेना. भुंकणं याच वेळी सुरू झालं. बायना पाण्याला गेली की बाया घागरी बाजूला ओढून घेत. ती चांगली बडबडी पोर, पण एका वर्षात तिचं बोलणं हो-नाहीवर आलं. मामी जेवायला वाढताना मामाला म्हणायची, "तुमचं खरं ताटात वाढू का?" आणि मामा मान खाली घालून जेवायचा. मला दोघांचाही राग यायचा. असलं कसलं खरं, जे लेकीच्या जन्माएवढं महाग असतं? आणि असलं कसलं गाव, जे खरं बोलणाऱ्या माणसावरच भुंकतं?

मी तेव्हा पूर्णेला रेल्वेत खलाशी होतो. तिथं साहेब लोकांच्या बंगल्यावर एक म्हातारा खानसामा होता, गोऱ्यांचं खाणं रांधून केस पांढरे झालेला. त्याला मी एकदा विचारलं. तो खोकला येईपर्यंत हसला.

"कुत्ता कायकू खाते जी वो लोगां? खाली नाम है! अंदर गाय का रहता, नै तो सुव्वर का. तौबा!" आणि तो कानाला हात लावून थुंकला.

मी पहिल्या गाडीनं निघालो. कुत्रं नव्हतं, एवढंच डोक्यात. गंगाखेडला उतरून राणीसावरगावची वाट चालायला लागलो, तेव्हा त्या वाटेवर पुढचं ध्यानात आलं. कुत्रं नव्हतं ते खरं. पण गाय होती. नाहीतर डुक्कर.

मामाला सगळं सांगितलं. दडवून काय करणार? कुत्रं नव्हतं हे ऐकून तो गोठ्यातल्या कुत्र्यापाशी जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग उरलेलं ऐकलं आणि रडायचा थांबला.

"गाय," तो म्हणाला. "मग ह्यापरीस कुत्रं बरं व्हतं का रं?"

मामीनं मात्र क्षणात हिशेब केला. "कुत्रं न्हवतं, ह्ये खरं हाय ना? मग तेवढंच बोला. भंडारा उचला, कुत्रं न्हवतं म्हणा, खाली ठिवा. गाईचं कोण इचारायलाय तुमाला? खोटं तर न्हाई ना बोलायचं!"

मामाला ते पटलं. त्याच्या तोंडावर वर्षानं जरा उजेड आला. पुन्हा पंच बसले, तेच देऊळ, तीच माणसं. मामानं मुठीत भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "खंडोबाची आण, म्या खाल्लं ते कुत्र्याचं मटण न्हवतं."

सगळीकडून सुस्कारे निघाले. मामा मूठ उघडणार, तोच रायभान सहज म्हणाला, अगदी सहज, गप्पा मारताना विचारावं तसं, "मग कशाचं व्हतं, पाव्हणं?"

मूठ उघडायची राहिली. मामानं माझ्याकडं बघितलं. मग बायांकडं बघितलं. मामीनं पदर दातांत धरला होता. तिच्याआड बायना होती, मान खाली, अंगठ्यानं माती उकरत. आता ठावं न्हाई म्हणायची सोय राहिली नव्हती. त्याला आता ठावं होतं, आणि ते त्याला मीच आणून दिलं होतं.

"शेरडाचं," मामा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. बोटांमधून हळद त्याच्या धोतरावर सांडत होती.

"शेरडाचं?" रायभान मोकळा हसला. "मग कामून लांबवलंत एवढं? अगुदरच सांगायचं की! शेरडाचं तर आमी बी खातो."

पंचांनी परक्याच्या हातचं खाल्लं म्हणून दोन बकऱ्यांचं जेवण दंड लावलं. ते जेवण त्यांनी चाटून-पुसून खाल्लं. बन्सीधरही पंगतीत होता आणि नळी फोडून चोखत होता. मामा वाढत फिरत होता. मी हात धुतले आणि न जेवता उठलो. मामा माझ्या मागं आला.

"एक गोष्ट ध्यानात आली का तुझ्या?" तो म्हणाला. "खरं बोलत व्हतो तवा वरीसभर कुणाला पटलं न्हाई. खोटं बोललो, तर तोंड मिटायच्या आत पटलं."

"मामा, देव बघतो की."

"त्येनंच बघितलं ना," मामा म्हणाला आणि भाताचं भगुलं उचलून पंगतीत गेला.

महिन्याभरात लग्न लागलं. बायना निघाली, रीतीप्रमाणं मामीच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडून रडली. मामापाशी आली तेव्हा मात्र रडायची थांबली. गाडीत बैल जुंपलेले, वाजंत्री वाजत होती, रायभान घाई करत होता. तिनं मामाच्या कानाशी तोंड नेलं.

"बा, मला तर खरं सांग. शेरडाचंच व्हतं ना?"

वर्षभर बापाच्या त्या एका 'ठावं न्हाई'पायी तिनं बायांच्या घागरी सोसल्या होत्या. आपला बाप ठावं नसताना बोलत नाही, एवढाच एक आधार धरून सोसल्या होत्या. मला वाटलं, आता हिच्यापुढं तरी तो खाली बसेल आणि सांगेल.

मामानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"व्हय माय," तो म्हणाला, "शेरडाचंच." या खेपेला त्याचा आवाज जरासुद्धा फाटला नाही.