फुटलेला डोळा

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहणाऱ्या त्या बाई फुलंब्रीकडच्या. सारी हयात शेळ्यांमागं गेलेली, त्यामुळं जनावराच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांना सल्ला विचारावा लागत नसे. कमरेवर हात ठेवून त्या आपणहूनच सांगायच्या, "शेळीचा डोळा आला ना, मीठ-तंबाखू चावायची अन् डोळ्यात फुंकायची. लई शेळ्या बऱ्या केल्या म्या."

त्यांच्या मांजरीच्या पिलाचे डोळे चिकटले, तेव्हाही त्यांनी तेच केलं. थोड्याच दिवसांत एक डोळा लालभडक होऊन बाहेर आला. मी त्यांना स्कूटरवर बसवून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पिलू त्यांनी पदरात घेतलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "डोळा फुटलाय. ऑपरेशन करून काढावाच लागेल, नाहीतर दुखणं थांबणार नाही. घरी काही घातलं होतं का?"

बाईंची लाज राहावी म्हणून मी पटकन "नाही" म्हणाले.

"घातलं की," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलता, ताई? म्याच घातलं."

ऑपरेशन नीट झालं. टाके निघाल्यावर मी पिलाला बघायला गेले. डोळ्याच्या जागी नुसती शिवण उरली होती. पिलू बाईंच्या मांडीवर चढलं आणि त्यांचं बोट चाटू लागलं. त्यांनी झटकन हात ओढून पदराखाली घेतला.

"ह्याला कळंना," माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "कुणाच्या मांडीवर बसलंय ते."