लीडचं गिऱ्हाईक

श्रीवर्धनला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ती बाई दर सोमवारी पेनपेन्सिलच्या लीडच्या दोन डब्या न्यायची. एवढं लिहिते म्हणजे कवयित्रीच असणार, असं मी घरी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

एकदा तिनं माझा सुजलेला पाय पाहिला. मी म्हटलं, "तीन दिवस अँटिबायोटिक घेतोय, उतार न्हाय. गोळ्याच बनावट वाटतात."

"एक द्या काका, औषध किती आहे ते मोजते. माझं कामच ते."

"कशानं?"

"तुमच्या लीडनं!"

तिनं पिशवीतून काड्यापेटीएवढं यंत्र काढलं, गोळी कुटून मिठाच्या पाण्यात घातली, त्यात लीड बुडवून तारा जोडल्या. मोबाइलवर अस्सल औषधाची रेघ आधीच होती. गोळी खरी असेल तर तिची रेघही तेवढीच चढायला हवी होती. चढली, चढली आणि थेट टेकली! गोळी अस्सल! मी सुजल्या पायानं नाचलो.

"पूर्वी याला बाटलीभर जहाल रसायन लागायचं," ती म्हणाली.

"मग ते का सोडलंत?"

"वापरून झालं की ओतणार कुठं? रविवारी मला याच खाडीतल्या चिंबोऱ्या खायच्या असतात!"

उरलेली लीड ती गल्ल्यावर विसरून गेली. त्याच लीडनं मी आयुष्यातली पहिली कविता लिहिली. चिंबोरीवर.