सरांच्या नावाचा किडा

टेबलावरच्या बशीत वाळूचं एक घर पडलं आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. ओढ्यातल्या कॅडिसफ्लाय नावाच्या माशीच्या अळीनं आपल्या तोंडातल्या रेशमानं कण कण चिकटवून ते बांधलं. दारावर पाटी नाही. पाटीची हौस माणसाला.

या माशीची ही जात आजवर कुणीच नोंदवलेली नव्हती. तीन वर्षं गुडघाभर गार पाण्यात उभी राहून मी ती शोधली. माझे मार्गदर्शक सर बुटांना चिखल लागेल म्हणून गाडीतच बसून राहायचे. परवा मात्र खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, "नव्या जातीला आपलं नाव आपणच द्यायचं नसतं, वाईट दिसतं. तेव्हा माझं नाव तूच सुचव."

"हो सर," मी म्हणाले. प्रबंधावर त्यांची सही व्हायची आहे अजून. पण मागून घेतलेला मान या माणसाच्या घशाखाली उतरतो कसा? देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणारेसुद्धा निदान पायरी तरी बांधून देतात.

मग मी वर्णन लिहायला बसले. या माशा पंखांवरून ओळखू येत नाहीत, सगळ्या सारख्याच मातकट. नराचं ढुंगण कापायचं, क्षारात उकळायचं आणि भिंगाखाली धरायचं, तीच त्यांची खरी ओळख. ते मी फार मन लावून रेखाटलं, आणि खाली सरांचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.