झाकणाच्या आतली यादी

"पेन आहे का?"

जुना कॅमेरा घ्यायला आलेल्या माणसाला मिस्त्री पहिला प्रश्न हा विचारायचे. किंमत नंतर. चहा त्याहून नंतर.

तुम्ही कॅसेटच्या काळात गोंदियात लग्नाच्या व्हिडिओच्या धंद्यात असाल, तर बाजारामागची ती अरुंद खोली तुम्हीही पाहिली असेल. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर मेलेले कॅमेरे. एकाचे भिंग, दुसऱ्याची मोटर काढून ते तिसरा जिवंत करायचे आणि तो विकायचे. नवे काही विकत घेणे आमच्यासारख्या तालुक्याच्या व्हिडिओवाल्यांना परवडत नव्हते आणि त्यांनाही. आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचो. नाव पावतीवर असेलही, पण पावती कोणी मागितली नाही.

"भैया, पहले रेट तो बताओ," गिऱ्हाईक म्हणे.

"पहले लिखो. रेट कहीं भाग नहीं रहा."

मग ते मशीन पुढ्यात घेऊन त्याचे दोष एकेक करून सांगत. गिऱ्हाइकाने ते स्वतःच्या हाताने लिहायचे आणि कागद मशीनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावायचा. त्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जात नसे. कित्येक जण चिडून उठून जायचे. मिस्त्री त्यांना थांबवत नसत.

"तुम्हीच का लिहून देत नाही?" मी एकदा विचारले.

"माह्या हातचं असंल तं तुमी म्हणसान, मिस्त्रीचं काहीतरी हाये. आपल्या हातचं कोणी खोटं म्हणत नाई."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती नाइलाजाने. सडक अर्जुनीला आमचा फोटो स्टुडिओ. हायवेवर नवऱ्याला ट्रकने उडवले. जीव वाचला, कंबर गेली, आणि सोबतचा कॅमेराही गेला. दिराने दुकान भाड्याने द्यायची बोलणी सुरू केली होती. मी म्हटले, एक हंगाम मी चालवून बघते. जमले नाही तर खुशाल द्या. दीर हसला. त्या हंगामावर आमचे दुकान उभे राहणार होते किंवा जाणार होते, आणि माझ्याकडे कॅमेरा नव्हता.

मिस्त्रींनी एक जुना, खांद्यावर घ्यायचा कॅमेरा काढला. सिमेंटच्या पोत्यासारखा जड. मी पेन काढले.

"एक. याची बॅटरी मेली हाये. बाहेरची लावा." म्हणून त्यांनी मोटरसायकलची बॅटरी शाळेच्या दप्तरात बसवून वायर बाहेर काढून दिली. "दोन. झूम अडखळते. तीन. आत दिसते तेवढं कॅसेटवर येत नाई, उजवीकडचा माणूस कापला जाते. चार. थंडीतून एकदम वाफेत नेऊ नका. आत दव धरते अन् मशीन बंद होऊन राहाते. कोरड्या जागी अर्धा तास ठेवा, आपोआप चालू होते."

मी भराभर लिहिले. माझे लक्ष किमतीकडे होते.

धान घरात आल्यावरचे पहिले लग्न नवेगाव बांध या गावी होते. माझ्याकडे मागणी आली ती मी बाई म्हणून. नवरीच्या न्हाणीपाशी पुरुष व्हिडिओवाला कोण येऊ देणार? थंडीचे दिवस, तलावावरून धुके येत होते. उघड्या जीपमधून मी तासभर कॅमेरा मांडीवर घेऊन गेले, आणि उतरल्याबरोबर सरळ न्हाणीघरात शिरले. पाण्याचे हंडे उकळत होते, वाफेने समोरचे दिसत नव्हते. बटण दाबले. लाल खूण लागली आणि कॅमेरा बंद.

परत दाबले. काही नाही.

"काय झालं बाई?" नवरीची आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. "डब्बा बंद पडला का? म्हणून मी सांगून राहिली होती, मानूस बोलवा!"

मागून दोघीतिघी हसल्या. माझ्या डोळ्यांपुढे दिराचे तोंड आले. मी बाहेर आले, पेटी उघडली, आणि झाकणाच्या आत माझेच अक्षर. चार.

आत जाऊन सांगितले, "हळद अर्धा तास थांबवा."

"हळद थांबत असते का कोणासाठी!"

"आज थांबवा. नाहीतर चित्र येणार नाही."

आत्या काही बोलणार, एवढ्यात पाटावर बसलेली नवरी म्हणाली, "थांब वो आत्या. मले माही हळद पाहाची हाये. तुही तं तुले आठवत बी नाई."

अंगणात ऊन आले होते. मी तिथे कॅमेरा ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. अर्ध्या तासाने लाल खूण गेली. हळद झाली, लग्न झाले, त्या हंगामात पुढे तेरा लग्ने झाली. दिराने परत भाड्याचा विषय काढला नाही.

गोंदियाला गेल्यावर मी मिस्त्रींशी भांडले. असला रुसका कॅमेरा का दिला?

"चार नंबर लिवला होता का?"

"होता."

"वाचला होता का?"

मी पेटीचे झाकण उघडले.

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मंग माह्यावर काऊन चिडून राहिल्या?" आणि त्यांनी चहा मागवला.

त्यानंतर ते मला नुसती दुरुस्ती करून देईनासे झाले. स्क्रू ड्रायव्हर हातात द्यायचे. "उघडा."

"मी?"

"नवेगावात मी येऊ का?"

अशी मी शिकले. कॅसेट वाचणारे हेड साफ करायला लोक कोरी करकरीत नोट वापरायचे. मिस्त्रींना त्याचा भयंकर राग. "नोट कायले घासता? पैशानं काही साफ होते का?" साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवायची, हेडला नुसती टेकवायची आणि हेडचे चक्र बोटाने फिरवायचे. कागद हलवायचा नाही, चक्र हलले पाहिजे. रबरी बेल्ट सैल झाला आणि नवा मिळत नसला, तर उकळत्या पाण्यात टाकून काढायचा. काही दिवस घट्ट राहतो. स्क्रू हरवू नयेत म्हणून जुन्या स्पीकरचे लोहचुंबक शेजारी ठेवायचे. माझे पोळ्या लाटणारे हात फार जड आहेत, असे त्यांचे मत होते. "हळू. ते कणीक नाई."

एकदा झूम त्यांनी पुरती नीट केली. मी खूश होऊन झाकणातली दुसरी ओळ खोडायला गेले. त्यांनी कागदावर बोट ठेवले.

"खोडू नका."

"आता दोष कुठे आहे?"

"आज नाई. पण त्यानं घर पाहून ठेवलं हाये. राहू द्या लिवलेलं."

दहाएक वर्षांत सगळे बदलले. कार्डावर चित्र घेणारे कॅमेरे आले, मग खिशातले फोनच चित्र घेऊ लागले. मिस्त्रींच्या फळ्यांवरचे मेलेले कॅमेरे मेलेलेच राहू लागले. मी लग्ने कमी केली आणि नवे काम धरले: लोकांच्या जुन्या कॅसेटवरची लग्ने डीव्हीडीवर, पुढे पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायची. दुकान त्यावर चालू लागले. पण त्यासाठी कॅसेट चालवणारा व्हीसीआर हवा, आणि माझा शेवटचे आचके देत होता.

मी गोंदियाला गेले तेव्हा खोली अर्धी रिकामी होती. मिस्त्री गावी चालले होते, भावाच्या शेतावर. एक व्हीसीआर त्यांनी फडक्यात गुंडाळून, पेटीत घालून बाजूला ठेवला होता.

"हा तुमचा. पेन काढा."

मी लिहीत गेले. रिमोट नाही. घड्याळ चुकीची वेळ दाखवते. कॅसेट बाहेर टाकताना अडकते, बोटाने मदत करावी. बेल्ट सैल होतो.

"पाच. लिवा. मिस्त्री नाई."

"हे काय? तुम्ही आहात की."

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता. मनगटाखाली वीट ठेवून काम करताना मी त्यांना वर्षभर पाहत होते. सवय असेल, असे समजले होते. इतके दोष लिहून घेतले, आणि हा मला दिसला नव्हता.

"हे मी लिहिणार नाही," मी म्हटले.

"मंग मशीन भेटणार नाई." त्यांनी फडके परत गुंडाळायला घेतले. "बाई, दोष लपवून मी आजपर्यंत इकलं नाई. आता शेवटी कायले लावता?"

मी लिहिले. पाच, मिस्त्री नाही. त्यांनी वाचून पाहिले, मान हलवली, आणि किंमत सांगितली.

दोन पावसाळ्यांनंतर ते गेल्याचे कळले. मला कळेपर्यंत तेरावेही होऊन गेले होते.

त्याच वर्षी नवेगावची ती नवरी दुकानात आली. केसांत थोडे पांढरे, सोबत मुलगी. हातात कॅसेट. "बाई, हिले माही हळद दाखवाची हाये. पेन ड्राइव्हात करून द्या."

कॅसेट लावली आणि व्हीसीआर घरघरून बंद पडला. नागपूरला फोन केला, रायपूरला केला. दोन्हीकडे एकच उत्तर: फेकून द्या. नवरा म्हणाला, कॅसेट परत करून टाक. मी तिला आठ दिवसांची मुदत मागितली.

टेबलावर चुंबक ठेवले. स्क्रू काढले. बेल्ट सैल होऊन घसरला होता. चहाच्या भांड्यात पाणी उकळून त्यात टाकला, पुसला, बसवला. कागदाची पट्टी भिजवून हेडला टेकवली, चक्र बोटाने फिरवले. हळू. ते कणीक नाही. चित्र आले, फाटले. परत उघडले. परत बसवले. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर न्हाणीघर उभे राहिले, हंड्यांसकट. नवरी पाटावर, आणि उजवीकडे आत्या, उभी अर्धी कापलेली. तीन नंबर.

पूर्ण कॅसेट उतरेपर्यंत मी जागची उठले नाही.

मग व्हीसीआरची पेटी ओढली, झाकण उघडले आणि पेन काढले. पाचवी ओळ खोडायची होती. पेनाचे टोक कागदाला लागलेही होते.

तसेच उचलले. मशीन चालू होते, ते मीच चालवले होते. पण लिहिले होते ते खरे होते. पेनाला टोपण लावले आणि झाकण बंद केले.