उत्तर मुहर्रक केंद्राचे डायरेक्टर

आमच्या डायरेक्टरांनी मला फसवलं. आखातातल्या मनामाच्या बाजारात आजवर एकाही दुकानदाराला जे साधलं नाही, ते या वसईच्या सभ्य गृहस्थाने दाढीच्या ब्लेडने साधलं, आणि वर माझाच चहा प्यायला.

डायरेक्टर ही पदवी त्यांना कोणी दिली नव्हती. त्यांनी ती घेतली होती. एरवी ते एका हॉस्पिटलात रेकॉर्ड क्लार्क होते. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मात्र मुहर्रक बेटाच्या पार उत्तरेला, विमानतळाच्या भिंतीपलीकडे आमच्या कंपनीच्या कामगारांचा जो कॅम्प होता, तिथे ते रेडिओ स्टेशन चालवत. स्टेशन म्हणजे कंपनीचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, खोल्याखोल्यांत तारेने जोडलेले आठ स्पीकर आणि डायरेक्टर. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते सुरू झालं तेव्हा आम्ही रत्नागिरी-रायगडची साठेक माणसं तिथे राहत होतो. "हे उत्तर मुहर्रक केंद्र आहे," असं ते इतक्या गांभीर्याने म्हणत, की समुद्रातली गलबतं कान लावून बसली असावीत. मेसचा स्वयंपाकी स्पीकर बंदच ठेवी. त्याला शेजारच्या भिंतीतून सगळं फुकट ऐकू येई.

कोणाला दिसत नसताना ते टाय लावून बसत. हवामान बाराही महिने एकच, ऊन. तेसुद्धा कागदावर लिहून आणत. एकदा धुळीचं वादळ येण्याची शक्यता आहे असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा आमच्या ताटातल्या बिर्याणीवर बोटभर धूळ बसली होती. मी खिडकीतून ओरडून तसं कळवलं, तर म्हणाले, "शेठ, बातमी अजून संपलेली नाही."

टेपरेकॉर्डर मात्र मी आणला. मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून, भाव पाडायला दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आणि तिसऱ्यांदा चक्क गाडीत बसून, मी ते रिळांचं यंत्र मिळवलं. मग डायरेक्टरांनी गावी निरोप पाठवायची सोय काढली. आपण मायक्रोफोनपुढे बोलायचं, ते रीळ कापून जोडून साफ करणार, कॅसेटवर उतरवणार, आणि सुट्टीवर जाणारा कोणी ती घेऊन जाणार. त्यांना खोकला चालत नसे, उसासा चालत नसे. एकाने बायकोचं नाव घेतलं आणि पुढे त्याला बोलवेना. तेवढं सगळं छाटून डायरेक्टरांनी फक्त "बाकी ठीक" शिल्लक ठेवलं. त्यांची दाढीची ब्लेडं अशी टेप कापण्यात झिजत, म्हणून टायच्या वर दाढी कायम खुरटी.

माझा निरोप थोरल्या भाईला होता. माझी सुट्टी मंजूर झाल्याचं त्याला ठाऊक होतं, तरी धाकट्या बहिणीचं लग्न त्याने मी पोहोचण्याच्या पंधरा दिवस आधी उरकलं. पत्रात कारण नाही. मी सुट्टी रद्द केली. असला राग कागदावर मावत नाही, म्हणून पंचवीस मिनिटं मायक्रोफोनपुढे बोललो. तू बाप नाहीस, मी पाहुणा नाही. का थांबला नाहीस ते सांग, नाहीतर तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. डायरेक्टर यंत्रावरच्या सुईकडे टक लावून बसले होते. शेवटी अंगठा वर करून "खलास" म्हणाले.

पुढच्या वर्षी गेलो तो भांडायच्याच तयारीने. एसटीतून उतरलो तर भाई काठी टेकत उभा. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "माझ्या गुडघ्याची इतकी चौकशी अब्बांनीसुद्धा केली नव्हती रे."

मला काही कळेना. घरी त्याने कॅसेट लावली. अख्ख्या मोहल्ल्याला ती पाठ होती. चार मिनिटांची. तिच्यात मी हळू आवाजात गुडघा कसा आहे विचारत होतो, आईच्या दम्याला जप म्हणत होतो, बहीण सासरी रमली का म्हणत होतो. सगळं माझंच, ओरडता ओरडता दम घ्यायला थांबलो तेव्हा बोललेलं. भाई डोळे पुसत होता. अशा माणसाला जाब विचारायचा कसा? मी मुकाट्याने जेवलो, महिनाभर जेवलो आणि परत आलो.

आल्या आल्या डायरेक्टरांना गाठलं. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी चहाचा कप हाती धरून ऐकून घेतलं.

"शेठ, तुम्ही ओरडलात की सुई लाल रेषेत जायची. आवाज फाटायचा. फाटका आवाज आमच्या केंद्रावरून जात नाही."

"मी राग पाठवला होता, डायरेक्टर."

"तो सगळा लाल रेषेत होता," ते म्हणाले, आणि चहा संपवला.

माझं भलं करावं असा त्यांचा विचारही नव्हता. असता तर निदान त्यावरून भांडता आलं असतं.

ऐंशीच्या दशकात कॅम्प उठला. काही जण तिथल्याच ईसा टाउनला बिऱ्हाड करून राहिले, काही गावी गेले, तारा कोणी गुंडाळल्या कोण जाणे. भाई गेल्या वर्षी वारला. तोवर आम्ही एकदाही भांडलो नाही. कधी कधी ओटीवर बसल्यावर तो काहीतरी सांगेल असं वाटे. मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प होई. त्याच्याकडे कारण असणार. चांगलंही असेल. मी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही, आणि मी तर पंचवीस मिनिटं विचारलं होतं. डायरेक्टर, तुम्ही वसईला असता, कानांनी अजून शाबूत आहात असं ऐकतो. भाई का थांबला नाही, हे आता तुम्ही मला सांगायचं आहे. दुसरं कोणी उरलेलं नाही.