संक्रांतीच्या काळ्या साड्या

मी फोनवरून साड्या विकते. दहिसरला नदीच्या अंगाला आमचं घर आहे. तिथल्या हॉलमध्ये भिंतीला एक चांगला पडदा लावायचा, समोर फोन उभा करायचा आणि लाइव्ह जायचं, एवढंच माझं दुकान. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या बायका भाजी चिरता चिरता बघतात आणि ऑर्डर देतात. पोत, काठ, पदर, सगळं मी रंगवून सांगते. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही.

मात्र गेल्या संक्रांतीपर्यंत मी कुणाला दिसले नव्हते. फोनमागे माझा आवाज आणि फोनपुढे साडी नेसून माझी धाकटी जाऊ, अशी आमची वाटणी होती. ती गोरी, मी काळी. सावळी म्हणायची पद्धत आहे, पण लग्न जमवताना ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे इतकं ऐकलंय, की मला सरळ काळी म्हटलेलंच बरं वाटतं.

त्या वर्षी मी काळ्या साड्यांचा दणकून माल भरला. हौसेने काळं नेसायचा सण वर्षात एकच. तो हुकला की गठ्ठे पुढच्या संक्रांतीपर्यंत कपाटात आणि माझं भांडवलही तिथेच. माल आला त्या दिवशी एक साडी मी सहज खांद्यावर टाकून बघितली. सासू दिवाणावर तीळ निवडत बसली होती.

“तू काळी, तेच्यात लुगडा काळा,” ती म्हणाली. “मगे तू दिसतलंस खंय गो?”

तिचा रंग माझ्याहूनही गडद आहे. संक्रांतीला सगळ्या बायका काळं नेसतात, तेव्हा ती दरवर्षी गर्द हिरवं नेसते. मी साडीची घडी घातली.

लाइव्ह सुरू झालं आणि खाली लोक लिहायला लागले, ‘ही वांगी कलरची मस्तय, पण काळी दाखवा ना.’ मी म्हटलं, काळीच आहे. ‘काळी कुठे, जांभळट दिसतेय.’ दुसऱ्या दिवशीही तेच रडगाणं. साडी खिडकीत नेऊन बघितली तर कोळशासारखी काळी. मग फोन हातात घेतला आणि कळलं. जावेने चेहरा उजळ दिसायला फिल्टर लावला होता. तोंड कुठलं आणि कापड कुठलं, हे त्या फिल्टरला काय माहीत? जाऊ गोरी होता होता साड्याही गोऱ्या झाल्या होत्या.

“काढ तो फिल्टर,” मी म्हटलं.

“नाही यार वहिनी. डोळ्यांखाली बघ ना केवढं काळं आलंय. माहेरचे सगळे बघतात मला.”

मला तिचा राग यायला हवा होता, पण वाईट वाटलं. एवढ्या गोऱ्या मुलीलाही स्वतःचा चेहरा पुरत नव्हता.

“मग फोन तू धर,” मी म्हटलं आणि काळी साडी नेसून पडद्यासमोर आले. फिल्टर आधीच काढून टाकला होता.

‘आज त्या गोऱ्या ताई नाहीत का?’ पहिलीने विचारलं. दुसरीने लिहिलं, ‘मॅडम, जरा फिल्टर लावा.’

“ताई, साडी घ्यायचीय की सून बघायचीय?” मी म्हटलं. हसून हसून जावेच्या हातातला फोन हलायला लागला. “माझा रंग दिसतोय तो खरा आहे, म्हणजे साडीचाही खरा. घरी येईल ती हीच.”

ऑर्डरी सुरू झाल्या. मध्येच घाटकोपरच्या एकीने लिहिलं, ‘मी पण तुमच्याच रंगाची. काळं कधी नेसलेच नाही. मला बरं दिसेल का हो?’

मी पदर सोडून सावकाश एक गिरकी घेतली. “मी कशी दिसतेय?”

‘झकास.’

“मग झालं तर.”

मला इतकं छान वाटलं, की पुढच्या साडीचा काठ सांगायचाच राहिला. गठ्ठे उतरत गेले. खाली थोड्याच साड्या उरल्या, तेव्हा इतका वेळ दिवाणावरून बघत बसलेली सासू उठली. लाइव्ह चालू आहे याची पर्वा न करता सरळ मध्ये आली, वाकली आणि एक साडी उचलून तिने छातीशी धरली.

“ही इकू नको,” ती म्हणाली. “माका होयी.”